हाय प्रायॉरिटीवाल्याने झोपायचं नाही

वर्क क्यू, म्हणजे नंतर उरकायच्या कामांची रांग, कॉन्फिगर करायला बसलेला माणूस आधी प्रायॉरिटीचा आकडा बघतो. मला विचाराल तर तो सगळ्यात शेवटी बघावा. आधी एवढंच विचारायचं, की या क्यूमध्ये जे काम टाकणार आहोत ते मधेच कशासाठी अडून बसणार आहे का? कार्डासाठी, लॉकसाठी, नेटवर्कसाठी? याचं उत्तर पक्कं झालं की अर्धं कॉन्फिगरेशन आपोआप ठरतं.

हे सगळं नटएक्सबद्दल आहे. ग्रेगरी नट यांनी 2007 मध्ये बाहेर काढलेली ही आरटीओएस (वेळेचं बंधन पाळणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) 2019 च्या शेवटी अपाचेच्या इनक्युबेटरमध्ये गेली आणि 2022 मध्ये अपाचेचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाली. ड्रोनवाल्यांना ती पीएक्स4 या ऑटोपायलटमुळे माहीत असते. आम्ही भोसरीत ती दुधाच्या बल्क कूलरच्या कंट्रोलरवर चालवतो. बोर्डवर एसटीएम32एफ407 आहे, 168 मेगाहर्ट्झचा. रॅम 192 केबी, म्हणजे उधळपट्टी परवडणारी नाही. कंट्रोलरचं काम दूध 4 अंशांवर ठेवणं, कॉम्प्रेसर चालू-बंद करणं, नोंदी एसडी कार्डावर लिहिणं आणि इथरनेटवरून डेअरीला पाठवणं.

आणि लाईट जाणं. संकलन केंद्र गावात, त्यामुळे हे रोजचंच. लाईट गेली की बोर्डवरच्या कंपॅरेटरकडून (व्होल्टेज घसरलं हे ओळखणारं सर्किट) इंटरप्ट येतो, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा. तिथून पुढे सुपरकपॅसिटरवर बोर्ड साधारण 60 मिलिसेकंद तग धरतो. तेवढ्यात त्या क्षणाचं तापमान, कॉम्प्रेसरची स्थिती आणि मीटरचा आकडा एफरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न विसरणाऱ्या मेमरीत, गेला पाहिजे. नाहीतर सकाळी डेअरीचा माणूस विचारतो, रात्री दूध किती वेळ गरम होतं? आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या हँडलरच्या आत एसपीआयवर, म्हणजे एफरॅमकडे जाणाऱ्या बसवर, लिहीत बसायचं नसतं. हँडलर काम क्यूमध्ये टाकतो आणि बाहेर पडतो, बाकीचं वर्कर थ्रेड बघतो. नटएक्समध्ये कर्नलच्या बाजूला असे दोन क्यू आहेत, एचपीवर्क (हाय प्रायॉरिटी) आणि एलपीवर्क (लो प्रायॉरिटी). मेनूकॉन्फिग या कॉन्फिगरेशनच्या मेनूत आरटीओएस फीचर्सच्या खाली दोन्ही सापडतात. एचपीच्या थ्रेडची डिफॉल्ट प्रायॉरिटी 224. नटएक्समध्ये ती 255 पर्यंत जाते आणि साध्या ॲप्लिकेशनला डिफॉल्ट 100 मिळते, म्हणजे 224 बऱ्यापैकी वरचीच म्हणायची. थ्रेड डिफॉल्टने एकच.

त्या 'एकच'मध्ये सगळी मेख आहे. लिनक्सवरून आलेल्यांना इथे हमखास ठेच लागते, कारण 2010 च्या 2.6.36 पासून लिनक्सचा वर्कक्यू एक वर्कर अडकला की दुसरा पुढे करतो. थ्रेड किती लागतील ते कर्नलच बघतो. नटएक्समध्ये तसले लाड नाहीत. कॉन्फिगमध्ये एक लिहिला तर एक. तो झोपला की मागचे सगळे ताटकळत.

आमच्याकडे बाहेरच्या एका टीमकडून आलेला जुना कोड होता. त्यात नोंद फ्लश करायचं, म्हणजे मेमरीतून एसडी कार्डावर उतरवायचं काम एचपीवर्कमध्ये टाकलं होतं. का, तर 'नोंदी महत्त्वाच्या आहेत'. एसडीचं स्पेसिफिकेशन साध्या आणि एचसी कार्डाला एका राइटसाठी 250 मिलिसेकंदांपर्यंत बिझी राहायची मुभा देतं. आता लाईट जाण्याच्या आधी नेमका फ्लश सुरू झालेला असेल तर? 224 चा थ्रेड कार्डाची वाट बघत झोपलेला आणि एफरॅमचं काम त्याच्या मागे उभं. 250 कुठे आणि 60 कुठे. नाव हाय प्रायॉरिटी आणि आत कार्डाची वाट बघणं, म्हणजे वरून कीर्तन आतून तमाशा.

टीममधल्या नव्या मुलाने विचारलं, "मॅडम, एचपीची प्रायॉरिटी 250 करून बघू का?"

"कर. पण झोपलेल्या माणसाचा पगार वाढवून तो उठतो का रे?"

तो हसला, पण करून बघितलंच त्याने. बरं केलं. ऑसिलोस्कोपवर स्वतः बघितल्याशिवाय या गोष्टी डोक्यात बसत नाहीत. कंपॅरेटरची पिन एका चॅनलवर, एफरॅमची चिप सिलेक्ट (लिहायला सुरुवात झाली की हलणारी पिन) दुसऱ्यावर. एकीकडे कार्डावर लिहिणं चालू ठेवायचं आणि दुसरीकडे सप्लाय खेचायचा. एरवी दोन्ही कडा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. फ्लशच्या मध्ये लाईट गेली की चिप सिलेक्टची कड पडद्याबाहेरच, प्रायॉरिटी 224 असो वा 250.

नटएक्सच्या काही इथरनेट ड्रायव्हरांच्या सोर्समध्ये याबद्दल वरच एक टीप आहे, जरा रागातच लिहिल्यासारखी. नेटवर्कचं काम हाय प्रायॉरिटी क्यूवर कधीही चालवू नका. तो क्यू इंटरप्टनंतरच्या छोट्या, कधीच न थांबणाऱ्या कामासाठी आहे. त्याला थांबवलंत तर अख्खी सिस्टिम गुडघे टेकेल. ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ही टीप वाचायला लावते.

तर फ्लश एलपीवर्कमध्ये गेला. एचपीवर्कमध्ये आमच्याकडे आता मोजकीच कामं उरली आहेत. पण एवढ्याने भागत नाही, कारण थांबणं उघडपणे दिसतंच असं नाही. एफरॅमवर लिहिण्याआधी एसपीआयचं लॉक घ्यावं लागतं, म्हणजे तेवढ्यापुरती बस आपल्या ताब्यात. त्याच बसवर दुसरं काही असेल आणि ते लॉक धरून बसलं असेल, तर एचपीचा थ्रेड तिथेही झोपणारच. प्रायॉरिटी इनहेरिटन्स चालू केलं तर लॉक धरणाऱ्याला वर ढकलता येतं, पण तो स्वतः हार्डवेअरची वाट बघत असेल तर ढकलून काय होणार? म्हणून एफरॅम एकटं एका एसपीआयवर आणि कार्ड एसडीआयओ या वेगळ्या बसवर. अशा वेळी उत्तर कॉन्फिगमध्ये नसतं, स्किमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या नकाशात असतं. हार्डवेअरवाल्यांशी या विषयावर माझी बरीच वादावादी झाली आहे. ते पिना मोजतात.

इंटरप्टच्या बाजूची एक गोष्ट सांगून टाकते. क्यूमध्ये जाते ती वर्क स्ट्रक्चर (कामाचा तपशील धरणारी) ड्रायव्हरच्या स्वतःच्या कायम राहणाऱ्या स्टेटमध्येच ठेवायची. फंक्शनच्या आत लोकल म्हणून जाहीर केली की फंक्शन संपल्यावर क्यू भलत्याच मेमरीकडे बोट दाखवत राहतो. आणि लाईट जाताना कंपॅरेटर एकदाच पलटत नाही, थरथरतो. हँडलरने आधी स्वतःचा इंटरप्ट बंद करायचा, मग काम टाकायचं, आणि तो परत चालू करायचा वर्करने. मग एकच स्ट्रक्चर क्यूमध्ये पडून असताना तीच पुन्हा टाकायची वेळच येत नाही.

विलंब देऊन काम टाकता येतं, पण तो विलंब सिस्टिमच्या घड्याळाच्या टिकमध्ये मोजतात आणि डिफॉल्ट टिक 10 मिलिसेकंदांचा असतो. 3 मिलिसेकंदांनी हे कर, असं म्हणायची तिथे सोयच नाही. आम्ही टिक 1 मिलिसेकंदाचा केला. टायमरचे इंटरप्ट दहापट झाले, पण या प्रोसेसरला ते जड नाही.

एलपीवर्कचं गणित वेगळं. इथे थांबायला परवानगी आहे, त्यामुळे खरा प्रश्न थ्रेड किती ठेवायचे हा. एकच ठेवला तर कार्ड अडलं की इथरनेटही अडतं. दोन ठेवले तर कामांच्या क्रमाची खात्री जाते, कारण आधी टाकलेलं काम एका थ्रेडमध्ये रखडतं आणि नंतरचं दुसऱ्यातून पुढे निघून जातं. आमच्या नोंदी क्रमाने लागतात. मग दोन थ्रेड ठेवले आणि नोंदींचं काम क्यूमधून उचलून त्याला स्वतःचा थ्रेड दिला. माझं मत विचाराल तर जे काम दिवसभर चालूच असतं, ते वर्क क्यूचं नव्हेच. वर्क क्यू अधूनमधून येणाऱ्या किरकोळ कामांसाठी, जिथे प्रत्येकाला वेगळा स्टॅक (थ्रेडची स्वतःची कामचलाऊ मेमरी) देणं परवडत नाही.

स्टॅकचं म्हणाल तर अंदाज बांधू नका. स्टॅक कलरेशन (स्टॅक कुठवर वापरला गेला याची खूण ठेवणारी सोय) चालू करा, बोर्डावर सगळा धुडगूस घालून घ्या आणि मग एनएसएच या नटएक्सच्या शेलवर पीएस कमांड मारा. एचपीवर्क, एलपीवर्क अशा नावांच्या ओळी दिसतात. त्यात स्टॅक किती, वापरला किती, किती टक्के भरला, सगळं येतं. 80 टक्क्यांच्या पुढे गेलं की शेजारी उद्गारचिन्ह उमटतं. आमच्या एलपीवर्कला ते उमटलं होतं. कारण निघालं वर्करमध्ये कोणीतरी टाकलेलं दशांश अपूर्णांकांचं प्रिंटएफ.

आता यूझर स्पेस, म्हणजे कर्नलबाहेर ॲप्लिकेशन चालतं तो भाग. डेअरीला अलार्मचे नियम स्वतःच्या माणसांकडून लिहून हवे होते. त्यांचा कोड आमच्या कर्नलच्या मांडीला मांडी लावून बसवायची माझी तयारी नव्हती, म्हणून सगळं एकत्रच असलेलं फ्लॅट बिल्ड सोडून प्रोटेक्टेड बिल्डवर गेलो. कर्नल आणि ॲप्लिकेशन वेगळे बिल्ड होतात आणि मधे एमपीयूची, म्हणजे मेमरीची राखण करणाऱ्या हार्डवेअरची भिंत.

तिसरा क्यू इथे लागतो, यूझरवर्क. कर्नलचे दोन असताना तो कशाला, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. वर्क क्यूमध्ये आपण टाकतो काय? फंक्शनचा पत्ता. ॲप्लिकेशनने दिलेला पत्ता एलपीवर्कच्या थ्रेडने चालवला, तर तो थ्रेड कर्नलचा, म्हणजे डेअरीवाल्यांचं फंक्शन थेट प्रिव्हिलेज्ड मोडमध्ये, कर्नलच्या अधिकारांनी धावणार. मग भिंत बांधली कशाला? म्हणून यूझर स्पेसचा वर्कर थ्रेड यूझर स्पेसमध्येच राहतो आणि ॲप्लिकेशनला एचपीवर्क-एलपीवर्क मिळतच नाहीत. हा थ्रेड इंटरप्ट बंद करू शकत नाही, त्यामुळे त्याच्या रांगेची राखण म्युटेक्सने (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) होते.

कॉन्फिग करताना लोक चुकतात ते दुसरीकडेच. फ्लॅट बिल्डमध्ये यूझरवर्क असं लिहिलं तरी हेडर त्याचा अर्थ एलपीवर्क असाच लावतो. कोड कंपाइल होतो, चालतो, एलपीवर्कचा स्टॅक वाढवला की त्यालाही वाढीव मिळतो. प्रोटेक्टेड बिल्डवर गेलात की तोच कोड, ओळसुद्धा न बदलता, दुसऱ्या थ्रेडवर चालायला लागतो. यूझरवर्कचे पर्याय आरटीओएस फीचर्समध्ये नाहीतच. ते लायब्ररी रूटीन्समध्ये आहेत, आणि तिथे स्टॅक परत 2048 बाइटवर, प्रायॉरिटी 100 वर. एलपीवर्कसाठी केलेली सगळी मेहनत इथे लागू नाही. शिवाय थ्रेड एकच, दुसरा मागायची सोय नाही.

ती 100 सुद्धा तशीच ठेवू नका. ॲप्लिकेशनचा मुख्य थ्रेडही डिफॉल्टने 100 वरच असतो. राउंड-रॉबिन (सारख्या प्रायॉरिटीच्या थ्रेडना आळीपाळीने पाळी देणं) बंद असेल आणि मुख्य थ्रेड स्वतःहून थांबत नसेल, तर यूझरवर्कला पाळीच येत नाही. आमच्याकडे मुख्य थ्रेड 100, यूझरवर्क 110, स्टॅक 3072. अलार्मचे नियम जरा लांबले तरी ते सगळं 224 च्या बरंच खाली चाललेलं असतं, आणि लाईट गेल्यावर एफरॅमच्या वाटेत येत नाही. डेअरीवाल्यांनी त्यांच्या नियमांत एकदा अर्ध्या सेकंदाची झोप घातली होती. बाकीचे अलार्म तेवढे उशिरा वाजले, कर्नलला पत्ताही लागला नाही.