खालून वाचायची यादी

मी गोल्फ खेळत नाही. ती काठी कधी हातात धरलेली नाही आणि आता या गुडघ्यांवर धरेन असंही वाटत नाही. विमानतळाच्या रस्त्यानं येरवड्याकडून जाताना पूना क्लबच्या मैदानाची हिरवळ दिसते, तेवढीच माझी आणि त्या खेळाची प्रत्यक्ष ओळख. तरी गेली कित्येक वर्षं गुरुवार ते रविवार माझ्या फोनवर कुठल्या ना कुठल्या स्पर्धेचा लीडरबोर्ड उघडा असतो. तो मी वरून वाचत नाही. खालून वाचतो.

वरच्या चार-पाच नावांची काळजी करायला सगळं जग आहे. आपली माणसं बहुतेक वेळा मधल्या गर्दीत किंवा त्याच्याही खाली, त्या रेषेच्या आसपास घुटमळत असतात. रेष म्हणजे कट. स्पर्धा चार दिवसांची, पण दोन दिवस झाले की जवळपास निम्म्या लोकांना निरोपाचा नारळ मिळतो. अमेरिकेच्या पीजीए टूर या स्पर्धांच्या मालिकेत सगळ्यात कमी फटके लागलेले पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीत असलेले पुढे जातात, ऑगस्टाच्या मास्टर्समध्ये पहिले ५०. बाकीच्यांनी शुक्रवारी संध्याकाळी सामान बांधायचं. बक्षिसाचे पैसे सहसा शून्य. विमानाचं तिकीट, हॉटेल, कॅडीची, म्हणजे काठ्यांची बॅग उचलणाऱ्याची, मजुरी हे सगळं मात्र खेळणाऱ्याच्याच खिशातून. क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झाला तरी सामन्याचं मानधन मिळतं. इथे नाही.

शिवाय ही रेष एका जागी राहत नाही, हेच तिचं व्यसन. सकाळच्या गटातला माणूस दोन फटके रेषेच्या बाहेर राहून हॉटेलवर गेलेला असतो. दुपारी वारा सुटतो, बाकीच्यांचे चेंडू झाडीत नि पाण्यात जायला लागतात, आणि हा तिकडे अंथरुणावर पडल्या पडल्या आत येतो. काही न करता. मी इथे पुण्यात रात्री बारा वाजता अनोळखी स्वीडिश माणसाचा पट, म्हणजे चेंडू गलीत ढकलायचा हलका फटका, हुकावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला असतो. त्या बिचाऱ्यानं माझं काय केलंय?

आईला हा खेळ समजावताना मला गोट्या आठवल्या. अंगणात टाचेनं फिरवून केलेली गल आणि त्यात गोटी घालायची. हे तेच, फक्त गल चारशे मीटरवर आणि अशा गली अठरा. एवढं तिला पटलं. कट मात्र तिनं स्वतःच लावला : "म्हणजे वेटिंग लिस्ट. चार्ट लागेपर्यंत जीव टांगणीला." तेव्हापासून ती "आज कितवा?" असं विचारत नाही, "कन्फर्म झाला का?" असं विचारते.

तिची उपमा किती चपखल होती ते मला २०२१ साली टोकियो ऑलिंपिकच्या वेळी कळलं. ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये कट नसतो. ६० जण येतात आणि साठही जण चारही दिवस खेळतात. तिथला कट आधीच, आपापल्या घरी बसल्या बसल्या होऊन गेलेला असतो. क्रमवारीतले पहिले १५ येतात, पण एका देशाचे चारपेक्षा जास्त नाहीत. त्याखाली मात्र एका देशाचे दोनच. त्यामुळे अमेरिकेचे कितीतरी दिग्गज घरी राहतात आणि यादी झरझर खाली सरकत जाते. त्या वर्षी ती कुठे येऊन थांबली? जगात ३४० व्या क्रमांकावर असलेल्या अनिर्बान लाहिरीपाशी. साठावी, शेवटची जागा त्याची. लाहिरीचा जन्म पुण्यातला, वडील लष्करात डॉक्टर. आणि थोडंसं खाली, ३५६ व्या क्रमांकावर उदयन माने, पुण्याचाच. चार्ट लागला आणि माने दारात उभा!

मग जुलैच्या सुरुवातीला अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोनं माघार घेतली आणि मानेचं तिकीट कन्फर्म झालं. मी हे ओरडूनच आईला सांगितलं. पहिल्या दिवशी तो ७६ फटक्यांत आला, पारपेक्षा, म्हणजे मैदानाच्या ठरलेल्या ७१ फटक्यांपेक्षा, पाच जास्त. दुसऱ्या दिवशी ६९. शेवटी ५६ वा. लाहिरी ४२ वा. वर्तमानपत्रांनी एका ओळीत उरकलं, आणि पदकांच्या हिशेबात ते बरोबरही असेल. पण पाच-ओव्हरची रात्र काढून दुसऱ्या सकाळी दोन-अंडर खेळणं काय असतं, हे खालून यादी वाचणाऱ्यालाच कळतं. महिलांमध्ये दीक्षा डागरही अशीच कुणाच्या तरी माघारीमुळे ऐनवेळी आत आली होती.

या क्रमवारीचा हिशेबही मोठा निष्ठुर आहे. मिळवलेले गुण तेरा आठवडे पूर्ण धरतात, मग हळूहळू झिजवत दोन वर्षांत शून्यावर आणतात. घरात ठेवलेल्या कापराच्या वडीसारखं. जाळली नाही तरी उडून जाते. लाहिरी २०२२ मध्ये लिव्ह गोल्फ या वेगळ्या स्पर्धामालिकेकडे गेला. तिथे पैसा बक्कळ, कट नाही, पण तेव्हा तिथल्या खेळाला जागतिक क्रमवारीत गुणही नव्हते. २०२४ च्या पॅरिसला शुभंकर शर्मा आणि गगनजीत भुल्लर गेले. लाहिरी नव्हता. त्याला दोष देणारा मी कोण? पण खरं सांगतो, कट नसलेला लीडरबोर्ड मला बघवत नाही. मीठ नसलेली आमटी.

रेषेखालून आलेल्यांत माझा सगळ्यात लाडका अर्जुन अटवाल. २०१० साली त्याचं टूर कार्ड, म्हणजे पीजीए टूरवर खेळायचा परवाना, गेलं होतं. ऑगस्टमध्ये विंडहॅम चॅम्पियनशिपसाठी तो सोमवारच्या पात्रता फेरीत खेळला. या फेरीत ढीगभर लोक आणि मोजक्या जागा. तिथून आत शिरला आणि रविवारी स्पर्धाच जिंकला. पीजीए टूरवर स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय. सोमवारी दाराबाहेर आणि रविवारी करंडक हातात, असं त्याआधी १९८६ मध्ये घडलं होतं.

आणि अदिती अशोक. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार, टोकियोतलं महिलांचं गोल्फ. त्या दिवशी मात्र यादी वरून वाचावी लागली, आणि मला ते मुळीच झेपलं नाही. जगात दोनशेव्या क्रमांकावरची मुलगी शेवटच्या दिवशी दुसऱ्या स्थानावरून सुरुवात करत होती. त्या वर्षी तिला कोविड होऊन गेला होता, चेंडू पूर्वीइतका लांब जात नव्हता. अव्वल नेली कॉर्डाचा चेंडू कितीतरी पुढे पडायचा आणि अदिती मागून येऊन पटवर सगळं वसूल करायची. पहाटेपासून अख्खा देश बर्डी आणि बोगी म्हणजे काय ते शोधत होता. कधी नव्हे ते माझे फोन वाजत होते. "अरे, पार म्हणजे?" वीज-वादळामुळे खेळ मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला. अठराव्या गलीपाशी तिचा बर्डीचा, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी करणारा, पट थोडक्यात हुकला. १५-अंडर. लिडिया को आणि मोने इनामी १६-अंडर. चौथी. एका फटक्यानं.

संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला गेला आणि सगळं शहर फटाके वाजवायला लागलं. आम्हीही टाळ्या वाजवल्या. आई मात्र सकाळपासून एकाच गोष्टीवर अडून होती. अदितीची बॅग तिची आई, महेश्वरी, उचलत होती. आधीच्या रिओ ऑलिंपिकला वडिलांनी उचलली होती, इथे आईनं. "एवढं वजन घेऊन चार दिवस चालली ती बाई," आई म्हणाली, "आणि शेवटी पोरीला काय म्हणाली असेल?"

परवा असाच शुक्रवार होता. आपला एक मुलगा रेषेच्या एक फटका खाली होता आणि दुपारच्या गटातले तीसेक जण अजून मैदानात. साडेबारापर्यंत जागलो, मग डोळा लागला. पाचला दूधवाल्याच्या घंटीनं उठलो आणि पिशवी घेण्याआधी फोन उघडला. रेष एक फटका हलली होती. तो आत.

स्वयंपाकघरात आई चहा टाकत होती. म्हटलं, "कन्फर्म झाला."

"बरं झालं," ती म्हणाली. आधण उकळायला लागलं तशी तिनं गॅस बारीक केला. "त्याची बॅग कोण उचलतंय रे?"

मी फोन वरखाली करून पाहिला. ते तिथे लिहिलेलं नसतं.