टॅक्स शून्य

एप्रिल लागला की माझ्या टेबलाचं लाकूड दिसायचं बंद होतं. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या दक्षिणेला, ग्रीनवुडजवळ, माझं टॅक्स भरून देण्याचं छोटं ऑफिस आहे. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक ट्रकवाल्यांचं, आणि त्यातले बरेचसे पंजाबी. मी मराठी आहे हे त्यांना ठाऊक असतं, पण 'अंकल' म्हणायला त्याची काही अडचण होत नाही.

त्या मंगळवारी एक मायलेक आले. मुलगा तेवीस-चोवीसचा, डोळे तारवटलेले. आईच्या हातात प्लास्टिकची जाड पिशवी, आणि तिच्यात त्रेचाळीस आठवड्यांच्या सेटलमेंट शीट, म्हणजे कंपनीने दर आठवड्याला दिलेले हिशेबाचे कागद, तारखेनुसार लावलेल्या. ट्रकवाले पावत्या कशा आणतात हे मी चौदा वर्षं बघतोय, त्यामुळे ती पिशवी पाहूनच मला बाईंबद्दल आदर वाटला.

मुलगा खुर्चीत टेकलाच नाही. "अंकल, एकदाच सांगून टाका. किती भरायचे?"

कंपनीने पाठवलेल्या १०९९ फॉर्मवर, म्हणजे पगारी नसलेल्या माणसाला वर्षभरात किती पैसे दिले ते सांगणाऱ्या कागदावर, आकडा होता १,१६,४४० डॉलर. ट्रकस्टॉपवर कुणीतरी त्याला सांगितलं होतं, यातले तीस टक्के सरकारचे. म्हणजे पस्तीस हजार. तीन आठवडे पोराला झोप नव्हती.

त्याने मार्च २०२५ मध्ये लायसन्स काढलं, कंपनीच्या ट्रेनरबरोबर थोडे दिवस फिरला आणि लगेच त्याच कंपनीकडून ट्रक लीजवर घेतला. कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं, डाउन पेमेंट नाही, क्रेडिट बघत नाही, पगारी ड्रायव्हर कशाला राहतोस, स्वतःच्या धंद्याचा मालक हो. आठवड्याला ९४० डॉलर हप्ता, तीन वर्षं, शेवटी आणखी १८,००० भरले की ट्रक तुझा. ट्रक आधीच पाच लाख मैल पळालेला.

मी एकेक शीट उलटायला लागलो. ऑगस्टमधली एक मी बाजूलाच काढून ठेवली. त्या आठवड्यात १,७४० मैल भरलेले, २२० रिकामे. भरलेल्या मैलाला १.४५ डॉलर, त्यातच फ्युएल सरचार्ज, म्हणजे डिझेलपोटी मिळणारे जादा पैसे, म्हणजे जमा २,५२३. त्याखाली वजाबाकी: डिझेल १,०८२, हप्ता ९४०, मेंटेनन्स फंड मैलाला दहा सेंट म्हणजे १९६, विमा १६५, प्लेट आणि परमिट ४०, तास नोंदवणारं लॉग मशीन २०, एस्क्रो म्हणजे कंपनीकडे ठेवायची अनामत ७५. खाली जाड अक्षरात: ५.००.

पाच डॉलर. त्या आठवड्यात तो शिकागोजवळच्या एका गोदामाच्या डॉकवर नऊ तास उभा होता. इथल्या नियमाने दहा तासांच्या विश्रांतीनंतर ड्युटी सुरू झाली की चौदा तासांची खिडकी उघडते, त्यात फार तर अकरा तास गाडी चालवता येते. डॉकवर उभं राहिलं तरी साधारणपणे घड्याळ पळतच असतं. चाक फिरलं तरच मैलाचे पैसे. हप्त्याला मात्र चाक फिरलं काय नि थांबलं काय, सारखंच. पगारी ड्रायव्हरचा असा दिवस गेला तर त्याची कमाई बुडते, पण त्याला उलटे पैसे भरावे लागत नाहीत.

पुढच्याच महिन्यातली शीट तर वजा १,२४० ची होती. धुराच्या फिल्टरचं काम निघालं म्हणून ट्रक आठवडाभर वर्कशॉपमध्ये. हप्ता, विमा, परमिट, मशीन, एस्क्रो, सगळं चालू. वजा आकडा पुढच्या शीटवर 'मागील बाकी' होऊन बसला. बाकीच्या आकड्यांसारख्याच अक्षरात छापलेला, त्यामुळे सहज नजरेतून सुटतो.

तासाभराने आकडे जुळले. डिझेल ४६,९००, हप्ते ४०,४२०, विमा-परमिट-मशीन ९,६७५, दुरुस्ती ६,२००. उरले १३,२४५. त्यातून घराबाहेर काढलेल्या दिवसांची जेवणाची वजावट: दिवसाला ८० डॉलर, त्याचे ऐंशी टक्के, २४० दिवस, म्हणजे १५,३६०.

"टॅक्स शून्य," मी म्हणालो. "उलट २,११५ चा तोटा दाखवावा लागेल."

पोराने टेबलाला वळसा घालून मला मिठीच मारली. "मम्मी, झीरो! झीरो!" बाहेर बसलेली दोन गिऱ्हाइकंसुद्धा हसली.

आई हसली नाही. तिने पिशवीची घडी घातली, परत उलगडली, आणि मला विचारलं, "भाईसाहब, फिर सालभर इसने कमाया क्या?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या पॅडवर होतं, मी ते मुद्दाम उलटं धरलं होतं. त्या १३,२४५ मधले एस्क्रोत ३,२२५ आणि मेंटेनन्स फंडात ५,१०० कंपनीकडेच पडून होते. पोराच्या हातात प्रत्यक्ष पडले ४,९२०. त्रेचाळीस आठवड्यांत. रस्त्यावरचं खाणं क्रेडिट कार्डावर झालं होतं, ते आईला तिथेच, माझ्यासमोर कळलं.

मग तो बसला.

शून्य टॅक्सची दुसरी बाजूही मी सांगितली. तोटा दाखवला म्हणजे सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी पेन्शनच्या, खात्यात या वर्षाचं एकही क्रेडिट नाही. घर भाड्याने घ्यायला गेलास तरी मालक हाच कागद बघणार. तो म्हणाला, "पण अंकल, मी मैल तर किती मारले!" मारले होतेच. चौऱ्याऐंशी हजार.

आपल्याकडे ट्रकवाला 'भाडं मिळालं' म्हणतो तेव्हा त्याला माल मिळालेला असतो. हा पोरगा भाडं मिळावं म्हणून भाडं भरत होता, आणि दोन्ही भाडी ठरवणारा एकच. माझा आक्षेप नेमका इथे आहे. हप्ता जास्त आहे का, ट्रक जुना आहे का, हे प्रश्न नंतरचे. ज्याचं देणं द्यायचं, त्याच्याच डिस्पॅचरच्या, म्हणजे माल नेमून देणाऱ्याच्या, हातात तुमचे मैल. लोड नाकारायचा हक्क करारात लिहिलेला असतो, पण दोन लोड नाकारले की तिसरा यायला किती उशीर होतो ते त्याने मला स्वतः सांगितलं. आणि दुसऱ्या कंपनीचा माल ओढायचा तर ट्रक आधी यांना परत करा.

सरकारने हे बघितलेलं नाही असंही नाही. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याखाली अशा लीजचा अभ्यास करायला टास्क फोर्स नेमला गेला. जानेवारी २०२५ मध्ये त्याने संसदेला सांगितलं की असे लीज-पर्चेस प्रकार बंदच करा. दोन महिन्यांनी या पोराने सही केली. एकतीस पानं, टॅबलेटवर, बोटाने.

लीजवर चांगलं कमावणारा एक माणूस माझ्याकडे येतो, हेही सांगायला हवं. पण तो आधी नऊ वर्षं पगारावर चालवत होता, कुठल्या रस्त्याला कुठल्या महिन्यात माल असतो हे त्याला पाठ आहे, आणि चार महिन्यांचे हप्ते बँकेत ठेवून त्याने सही केली. तो नवखा नव्हता. नवख्याला तर ट्रक रिव्हर्समध्ये घ्यायला शिकण्यातच पहिलं वर्ष जातं. त्याच वर्षी त्याच्या गळ्यात धंदा कशाला बांधायचा? देशातल्या जड ट्रकच्या पगारी ड्रायव्हरची मधली कमाई २०२४ मध्ये वर्षाला सत्तावन्न हजारांच्या आसपास होती. पहिल्या वर्षी त्याहून कमी मिळाली असती, पण ४,९२० नक्कीच नाही.

"सोडू का मग?" त्याने विचारलं.

मी वकील नाही, हे आधी सांगितलं. मग चौदावं पान काढलं. मुदतीआधी सोडलं तर भरलेले सगळे हप्ते भाडं समजायचे, ट्रक त्यांचा. एस्क्रोचं मात्र वेगळं आहे. केंद्राच्या नियमाप्रमाणे करार संपल्यापासून पंचेचाळीस दिवसांत ती रक्कम परत करावी लागते, काही कापलं तर हिशेबासकट, आणि तिच्यावर व्याजही द्यावं लागतं. त्या शीटवर व्याजाची ओळच नव्हती. मी पत्राचा मसुदा करून दिला आणि वकिलाचा नंबर लिहून दिला. मेंटेनन्स फंडाचे ५,१०० परत मिळतील का, ते करारातल्या शब्दांवर. ते शब्द मला फारसे आवडले नाहीत.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. डिस्पॅचर. लुइव्हिलहून माल, रात्री आठला उचलायचा. त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शुक्रवारी ९४० कापणार, अंकल," म्हणाला आणि हो म्हणून टाकलं. मी काही बोललो नाही. काय बोलणार?

तो ट्रककडे गेला. आई पिशवी आवरत होती, तेव्हा तळाशी एक पावती राहिलेली दिसली. ट्रकच्या दारावर, कंपनीच्या नावाखाली, स्वतःचं नाव लिहून घेतल्याची. ८५ डॉलर. "ये भी लगता है?" तिने विचारलं.

लागतं. जाहिरात खर्चाच्या रकान्यात मी ते टाकलं. तोटा २,११५ चा २,२०० झाला.