एका मालवणी खानावळीची पाटी

ठाण्यातल्या एका नव्या मालवणी खानावळीची पाटी शुक्रवारी लागायची होती आणि बुधवारी सकाळपर्यंत घोषवाक्य ठरलेलं नव्हतं. ते काम माझ्याकडे आलं. पाटी १२ फूट बाय ३ फूट, एसीपीवर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या संमिश्र पत्र्यावर, अ‍ॅक्रिलिकची अक्षरं. नावाखाली १० इंचांची पट्टी रिकामी. बोर्डवाल्याला संध्याकाळी ६ पर्यंत फाइल हवी होती.

मालकांनी आदल्या रात्रीच एका चॅटबॉटला विचारून २० ओळी काढून ठेवल्या होत्या. ‘चव कोकणाची, आपुलकी घरची’. ‘जिथे प्रत्येक घास एक गोष्ट सांगतो’. ‘परंपरेचा स्वाद, नवा अंदाज’. त्यांनी विचारलं होतं ते एवढंच: ‘मालवणी हॉटेलसाठी छान मराठी टॅगलाइन दे.’ एवढ्याच माहितीवर विचारलं की यंत्र सगळ्या जाहिरातींची सरासरी काढून देतं. त्यातही बरंचसं इंग्रजी आणि हिंदी वळणाचं. तिसऱ्या ओळीतला ‘अंदाज’ हिंदीत ढब किंवा शैली; मराठीत अंदाज म्हणजे अदमास. ग्राहकाला ती पाटी वाचून काय कळणार? मालवणीत लिही म्हटल्यावर ‘येवा, कोकण आपलाच असा’ आलं. पण ते वाक्य इतक्या पाट्यांवर आहे की त्याने एक खानावळ दुसरीपासून वेगळी ओळखू येत नाही.

मी आधी पट्टीचं गणित मांडलं. समोरच्या फुटपाथपासून पाटी साधारण ४० फुटांवर. ढोबळ नियम असा की दर १० फुटांना अक्षराची उंची १ इंच हवी, म्हणजे किमान ४ इंच. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे १० इंचांच्या पट्टीत अक्षराचं मुख्य अंग ५ इंचांच्या आसपासच बसतं. दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडली की २० ते २२ अक्षरं मावतात. ही मर्यादा आधी माहीत असेल तर निम्म्या ओळी न वाचताच बाद होतात.

मग स्वयंपाकघरात गेलो. माझ्या मते या कामातला सर्वांत मोलाचा तास हाच. फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवून मालक आणि मुख्य स्वयंपाक करणाऱ्या मावशी यांच्याशी ४० मिनिटं बोललो. वाटप (वाटलेला मसाला) कधी होतं, तिरफळं कशात घालता, मासळी कुठून येते, सोलकढी किती वेळ टिकते, लोक काय परत मागतात. हॉटेलात खास काय आहे, हा प्रश्न मी विचारत नाही. त्यावर ‘चव’ आणि ‘क्वालिटी’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी सकाळी ७ पासून क्रमाने काय काय करता ते विचारावं.

रेकॉर्डिंग यंत्राकडून लिहून घेतलं, तिथे पहिला घोटाळा. मावशी म्हणाल्या होत्या, “आदी तळून ठेवले तर वातड होतत. तुमी बसा, मगे वडे टाकतंय.” यंत्राने ‘मगे’चं, म्हणजे ‘मग’चं, ‘मागे’ केलं. म्हणजे वडे पाठीमागे टाकले! बोलीतलं बोलणं यंत्राने लिहिलं असेल तर मूळ आवाज ऐकत ओळ न् ओळ ताडून घ्यावी लागते. ४० मिनिटांच्या रेकॉर्डिंगला सव्वा तास गेला, पण तो वाचवण्यासारखा नव्हता.

त्यातून १४ ठोस गोष्टींची यादी झाली आणि नवा प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला द्यायची सूचना, मराठीतच लिहिला. इंग्रजीत ओळ लिहून घेऊन मग भाषांतर करायला सांगितलं की वाक्याची हाडं इंग्रजीचीच राहतात. प्रॉम्प्टमध्ये १४ गोष्टी, शिवाय वापरायला बंदी असलेले शब्द: चव, स्वाद, अस्सल, परंपरा, आपुलकी, घरगुती, अनुभव, प्रत्येक घास. कमाल ६ शब्द, क्रियापद हवंच, यमक नको. यमक मुद्दाम टाळायला सांगितलं. यंत्र मजकूर तुकड्यातुकड्यांनी हाताळतं. देवनागरीत ते तुकडे अक्षरांशी जुळतातच असं नाही. म्हणून मात्रा मोजताना ते चुकतं आणि यमकासाठी अर्थ वाकवतं. एका खेपेला ४० अशा तीन खेपा घेतल्या. १२० मधून ९ ओळी उरल्या.

शेवटी स्पर्धा दोन ओळींत. पहिली ‘दर्या ते ताट, सरळ वाट’. बंदी घालूनही यमक आलंच होतं, पण मालकांना ती फार आवडली. कानाला गोड आहे, हे मीही मान्य केलं. पण ती खरी नव्हती. मासळी बंदरावरच्या लिलावातून घाऊक बाजारात, तिथून बर्फात इथे येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. तेव्हा सुरमई साठवणीतली किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरची. पाटी मात्र बाराही महिने दारावर असते.

त्याच ओळीचं नमुना-चित्र मालकांनी चित्र काढणाऱ्या एआयकडून करून घेतलं होतं. त्यात ‘दर्या’चं झालं होतं ‘दऱ्या’. समुद्राऐवजी डोंगरातल्या दऱ्या. मराठीत रफार आणि अर्धा र हे वेगळे: युनिकोडमध्ये ‘र्य’साठी साधा र, ‘ऱ्य’साठी खाली टिंब असलेला ऱ. चित्र काढणारं यंत्र अक्षर टाइप करत नाही, अक्षरासारखा आकार रंगवतं. ल आणि श ही अक्षरंही त्याने हिंदी वळणाची काढली होती. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लागतो. म्हणून यंत्राकडून घ्यायची ती फार तर पार्श्वभूमी आणि रंगसंगती. अक्षरं फॉन्टमधूनच बसवायची. इथे मुक्ता वापरला आणि सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली, म्हणजे ल-श आपल्या वळणाचे येतात.

दुसरी ओळ यंत्राने रचलेली नव्हती. मी त्याला दुरुस्त केलेलं संभाषण देऊन सांगितलं होतं: यात काहीही बदल न करता, ग्राहकाला डोळ्यांनी दिसेल अशी कृती सांगणारी छोटी वाक्यं काढून दे. आलेल्या ११ वाक्यांत सातवं मावशींचं ते वड्यांचं वाक्य होतं. अशा चाळणीसाठी यंत्र फार उपयोगी आहे. मी स्वतः ताडून घेताना ते ऐकलं होतं, पण तेच घोषवाक्य होऊ शकेल हे लक्षात आलं नव्हतं.

मालकांना ते मालवणीतच हवं होतं. पण मालवणी न जाणणाऱ्याला ‘टाकतंय’ म्हणजे दुसरंच कोणीतरी टाकतंय असं वाटेल, आणि रस्त्यावरून जाणारा माणूस पाटीला दोनच सेकंद देतो. तेव्हा पाटीवर ‘तुम्ही बसा, मग वडे टाकतो’ आणि मेनू कार्डावर मावशींचं मूळ वाक्य. मोकळ्या जागा धरूनही पट्टी आरामात पुरली. नाव मराठीत आधी आणि इंग्रजीपेक्षा लहान नाही, हा दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीचा नियम वरच्या ओळीत पाळलेलाच होता.

कायद्याची चाळणी लावली. ‘घरगुती’ गाळण्यामागे आणखी एक कारण होतं: अन्न जाहिरातींच्या २०१८ च्या नियमांनुसार ग्राहकाचा गैरसमज होईल असे ‘होममेड’सारखे शब्द चालत नाहीत. ‘१०० टक्के’ हा दावा टाळा, असं एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, मे २०२५ मध्ये कळवलंय. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ४३ मध्ये, म्हणजे खानपान सेवांमध्ये, मिळतीजुळती ओळ शोधली, सापडली नाही.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी कढईची. पाटीवर ‘मग’ लिहिलं की ते पाळावं लागतं. एका कढईत एका वेळी ५ वडे, एका घाण्याला सुमारे ३ मिनिटं, ताटात ५ वडे. म्हणजे ३ मिनिटांना एक ताट. रविवारी दुपारी १० ताटांची मागणी एकदम आली तर शेवटच्याला अर्धा तास. त्या गर्दीत कोणीही वडे आधीच तळून ठेवेल आणि पाटी खोटी पडेल. मालक थोडा वेळ गप्प राहिले, मग शनिवार-रविवारसाठी दुसरी शेगडी आणि कढई लावायचं त्यांनी कबूल केलं. पार्सलच्या डब्यांवर ही ओळ छापायची नाही, हेही ठरलं. घरी पोचेपर्यंत वडा मऊ पडतो आणि तिथे ‘तुम्ही बसा’ला अर्थ नाही.

पावणेसहाला अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टशिवाय उघडतील असे आकार करून, पीडीएफ पाठवली. कर्व्ह केले नाहीत आणि बोर्डवाल्याकडे तो फॉन्ट नसला, तर जोडाक्षर फुटून ‘तुम्‌ही’ असं पाय मोडलेलं येतं. अ‍ॅक्रिलिक कापण्याआधी त्याच्याकडून स्क्रीनचा फोटो मागवून ‘म्ही’ पाहून घेतला.