मामांच्या ट्रंकेतला वेताळ
आज सांगलीत मामांची जुनी ट्रंक उघडली तर तळाशी इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ (म्हणजे आपला फँटम), तोही मराठी अंक! १९६४ ला सुरू झालेली सिरीज १९९० ला बंद पडली, आता चांगल्या कंडिशनमधला अंक मिळणं म्हणजे नशीबच लागतं. आधी पानं मोजली, सगळी आहेत, कव्हरचा रंगपण टिकलाय, फक्त पिनांना गंज चढलाय आणि त्याचा तांबूस डाग मधल्या पानावर उतरलाय, तेवढ्यानं किंमत उतरते पण मला विकायचाच नाहीय. मामा म्हणाले लॅमिनेशन करून टाक, म्हटलं मामा अजिबात नको, सेलोटेपपण नको, त्याचा गोंद कागद पिवळा करतो. अंकामागं ठेवायला ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला) पुठ्ठा मागवलाय, पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत घालून वरच्या कपाटात ठेवणार, कृष्णाकाठची दमट हवा आणि पुराची धास्ती आहेच की. कुणाकडं मराठी वेताळ असतील तर फोटो टाका राव!