पॉइंट्सचा नियम बदलला आणि गप्प बसणारे बोलायला लागले

संशोधकांच्या ग्रुपसोबत ब्रेनस्टॉर्मिंग सेशन्स घेणं हे माझं बऱ्याच दिवसांचं काम आहे आणि सुरुवातीची जवळपास सगळी सेशन्स एकसारखीच व्हायची. सगळे टेबलाभोवती बसायचे, मी म्हणायचो "चला, सुचेल ते बोला", मग जरा वेळ शांतता, मग ग्रुपमधले सगळ्यात सीनियर सर काहीतरी बोलायचे आणि पुढचा तासभर सगळे त्याच आयडियाला थोडं इकडून थोडं तिकडून ठिगळं लावत बसायचे. अशाच एका सेशनमध्ये पहिल्या वर्षाची एक पीएचडीची मुलगी वहीत सारखं काहीतरी लिहीत होती पण तिने शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. त्या वहीत काय होतं हा विचार माझ्या डोक्यातून कितीतरी दिवस गेला नाही.

नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की हे काही माझ्याच सेशनमध्ये होतं असं नाही. ॲलेक्स ऑसबॉर्नने १९५३ मध्ये ब्रेनस्टॉर्मिंगवर पुस्तक लिहिलं आणि ती पद्धत सगळीकडे पसरली, पण १९५८ मध्येच येल विद्यापीठातल्या संशोधकांनी करून बघितलं होतं की चार जणांना एकत्र बसवलं तर जितक्या आयडिया येतात त्यापेक्षा चार जणांना वेगवेगळं बसवून त्यांचे कागद एकत्र केले तर जास्त येतात. मग १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या दोघांनी त्यामागचं मोठं कारण दाखवलं, ते म्हणजे एकावेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबतात आणि थांबता थांबता सुचलेलं विसरतात, नाहीतर मनातल्या मनात "हे काय बोलायचं" म्हणून स्वतःच खोडून टाकतात. संशोधकांमध्ये हे खोडणं तर अजूनच जास्त, कारण पुराव्याशिवाय बोलायचं नाही ही त्यांची ट्रेनिंगच असते आणि ती चांगलीच आहे, फक्त नवीन काही सुचवायच्या वेळी ती आडवी येते.

म्हणून मी सीरियस गेम्सकडे वळलो. हा शब्द क्लार्क ॲप्टच्या १९७० च्या पुस्तकामुळे रुळला आणि त्याचा अर्थ साधा आहे, ज्या खेळाचा मुख्य हेतू करमणूक नाही तर काहीतरी शिकणं किंवा ठरवणं आहे तो, पण म्हणून तो कंटाळवाणा असायला पाहिजे असं ॲप्टही म्हणत नाही.

माझा पहिला गेम फसला, आणि तो का फसला त्यातूनच मी सगळ्यात जास्त शिकलो. कार्ड्स होती, प्रत्येक कार्डावर एक अडचण, म्हणजे "बजेट अर्धं झालं", "मुख्य उपकरण सहा महिने मिळणार नाही" असं, आणि प्रत्येक आयडियाला एक पॉइंट. दहाव्या मिनिटाला लोकांनी नियमातली फट शोधली, एकच आयडिया तीन वेगळ्या वाक्यांत लिहून तीन पॉइंट्स घ्यायला लागले. बरोबरच आहे, सिस्टीममधली फट शोधणं हे त्यांचं रोजचं काम! पुढच्या वेळी मी एकच नियम बदलला, स्वतःच्या आयडियाला शून्य पॉइंट, तुमच्या कार्डावर दुसऱ्या कुणी पुढचं काही बांधलं तर दोघांनाही पॉइंट. आणि पहिली पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही, नाव न घालता लिहायचं आणि कार्ड शेजाऱ्याकडे सरकवायचं. (ही लिहून सरकवायची कल्पना माझी नाही, बर्न्ड रोरबाखची १९६८ ची ६-३-५ पद्धत आहे, सहा जण, प्रत्येकी तीन आयडिया, पाच मिनिटं, अशा सहा फेऱ्या, म्हणजे अर्ध्या तासात १०८.) त्या दिवशी ज्या कार्डावर सगळ्यात जास्त लोकांनी पुढचं बांधलं ते वहीवाल्या मुलीचं निघालं, तिने स्वतःहून सांगितलं तेव्हा कळलं, आणि सीनियर सरांनीच त्यावर चार कार्डं जोडली होती.

लेगो सीरियस प्ले मला आवडतं तेही अशाच कारणासाठी. त्यात प्रत्येकाने आपला प्रश्न लेगोच्या छोट्या ठोकळ्यांनी बांधायचा असतो आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे ते त्या मॉडेलला, माणसाला नाही. "तू हे गृहीत कसं धरलंस" आणि "हा लाल तुकडा इथे एकटा का उभा आहे" यात किती फरक आहे बघा. पहिल्या प्रश्नावर माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो, दुसऱ्यावर तो स्वतःच वाकून बघतो की अरे खरंच, का उभा आहे.

लोक मला नेहमी फोल्डइटचं उदाहरण देतात. वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेला, प्रोटीनची घडी घालायचा तो ऑनलाइन गेम, त्यातल्या खेळाडूंनी माकडांमधल्या एड्ससारख्या आजाराच्या विषाणूतल्या एका एन्झाइमची रचना शोधायला मदत केली आणि २०११ मध्ये त्यावर पेपर आला, शास्त्रज्ञ त्यावर दहा वर्षांहून जास्त अडकले होते. जबरदस्त काम आहे, पण तिथे प्रत्येक हालचालीला कॉम्प्युटर स्कोअर देऊ शकतो कारण प्रोटीनची घडी किती चांगली बसली हे ऊर्जेच्या हिशोबाने मोजता येतं. नवीन संशोधन कुठल्या दिशेने न्यायचं याला असा स्कोअर नसतो. म्हणून अशा गेममध्ये "जिंकणारी आयडिया" जाहीर करायची नाही या मताचा मी झालोय, पॉइंट्स लोकांच्या एकमेकांशी वागण्याला द्यायचे, आयडियाला नाही.

आणि डीब्रीफ, म्हणजे गेम संपल्यावरची चर्चा. गेम संपला की सगळे खुश असतात, फोटो काढतात आणि निघतात, आणि कार्डं तशीच टेबलावर राहतात. आता मी अडीच तासांच्या स्लॉटमधला पूर्ण एक तास फक्त यासाठी ठेवतो, कुठलं कार्ड कुणी सोडून दिलं, का सोडलं, आणि सोमवारी लॅबमध्ये यातली कुठली गोष्ट कमीत कमी सामानात करून बघता येईल, कोण करेल. वहीवाल्या मुलीच्या ग्रुपने दोन कार्डं घेतली, एकावरची ट्रायल दुसऱ्याच आठवड्यात बंद पडली, दुसऱ्यावर ती अजून काम करतेय आणि अधूनमधून मला ग्राफ पाठवते.