सहाजणांच्या मंडळात तीन बायका: नॉर्वेतला खुर्च्यांचा हिशोब

३० जून २०२६. तीसपेक्षा जास्त माणसं कामाला असलेल्या इथल्या खासगी कंपन्यांना ही तारीख दिलेली आहे. तोवर संचालक मंडळात स्त्रिया आणि पुरुष दोघंही ठरलेल्या संख्येत बसायला हवेत. शेअर बाजारातल्या बड्या कंपन्यांवर हे बंधन आधीपासूनच आहे. कायदा २००३ चा, आणि जुन्या कंपन्यांना मुदत होती १ जानेवारी २००८ पर्यंत. तो आणण्याची घोषणा केली उजव्या पक्षाचे उद्योगमंत्री आन्सगार गाब्रिएल्सेन यांनी.

मंडळात स्त्रिया आणि पुरुष दोघंही किमान '४० टक्के' हवेत, हा आकडा आपल्याकडेही पोचला आहे. पण कायद्यातलं कोष्टक माणसांत मोजतं, आणि ते मला फार आवडतं. दोन-तीन संचालक असतील तर स्त्रिया किंवा पुरुष, कुणीही पूर्ण गायब असता कामा नये. चार-पाच असतील तर प्रत्येकी किमान दोन. सहा ते आठ असतील तर किमान तीन, नऊ असतील तर चार. टक्केवारी लागते ती नवाच्या पुढे. त्यामुळे सहाजणांच्या मंडळात बरोबर निम्म्या बायका लागतात, पाचजणांच्या मंडळात दोन पुरतात. अपूर्णांकाची पळवाटच ठेवलेली नाही.

गफलत होते ती इथेच. तिघांत एक बाई आहे, सगळं नियमात आहे, म्हणून निर्धास्त असलेली कंपनी चौथा संचालक म्हणून आणखी एक पुरुष घेते आणि त्याच क्षणी नियमाबाहेर जाते. कामगारांनी मंडळावर निवडून दिलेले प्रतिनिधी वेगळे मोजतात, त्यांच्यातल्या बाईवर मालकांच्या खुर्च्यांची भरपाई होत नाही. संचालक बदलायचा झाला की सर्वसाधारण सभेत निवड करून ब्रॉन्नॉयसुंद गावातल्या कंपनी-नोंदणी कार्यालयाला कळवायचं. मंडळ कायद्यात बसत नसेल तर ती नोंदच होत नाही. तरीही सुधारणा केली नाही, तर शेवटी कोर्ट कंपनी विसर्जित करू शकतं.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांना किमान एक महिला संचालक सक्तीची केली. अनेक ठिकाणी ती खुर्ची घरातल्याच बाईला मिळाली. मग शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने पहिल्या ५०० सूचीबद्ध कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १००० ना १ एप्रिल २०२० पासून स्वतंत्र महिला संचालक नेमायला लावली. नियम पाळला नाही तर दंड होतो. नॉर्वेत अडलेली नोंद मात्र पैशाने सुटत नाही.

पण इथे कुणी भारताला शिकवायला लागलं की मला राग येतो. नॉर्वेच्या संसदेत स्त्रियांसाठी कायद्याने राखीव जागा नाहीत, जे काही आहे ते पक्षांनी स्वतः घालून घेतलेले नियम आहेत. पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या १९८६ च्या मंत्रिमंडळात १८ पैकी ८ बायका होत्या, त्याचं कौतुक आहेच. आपण मात्र १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती करून गावपातळीवर एक तृतीयांश जागा राखल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. सरपंचपती आहेत, हे नाकारत नाही. पण गावच्या सभेत उभं राहून मतं मागणं हे मंडळात नेमून घेण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

शिवाय कोट्यानंतरही इथल्या मोठ्या कंपन्यांत मुख्य कार्यकारी अधिकारी बहुतेक पुरुषच आहेत. अनेक कंपन्यांनी आपलं कायदेशीर रूप बदलून, खासगी होऊन, तेव्हा बंधनातून सुटकाही करून घेतली होती. ते दार २०२३ च्या सुधारणेने टप्प्याटप्प्याने बंद होतं आहे: २०२४ अखेर १० कोटी क्रोनरपेक्षा (क्रोनर हे नॉर्वेचं चलन) जास्त उत्पन्न असलेल्या कंपन्या, २०२५ च्या जूनअखेर पन्नासपेक्षा जास्त कर्मचाऱ्यांच्या, आता तीसपेक्षा जास्तवाल्या आणि २०२८ मध्ये ५ कोटी क्रोनरपेक्षा जास्त उत्पन्नाच्या.