पाऱ्याखालची बारीक ओळ

जानेवारीतल्या एका दुपारी वर्तमानपत्र चाळताना निफाडचा पारा पुन्हा घसरल्याची बातमी दिसली आणि सवयीने माझी नजर ठळक आकडा सोडून खालच्या बारीक ओळीकडे, आर्द्रतेकडे गेली. ही माझी जुनी खोड आहे. निफाडच्या थंडीचा आम्हां नाशिककरांना एवढा अभिमान, की द्राक्षांबरोबर तीही आपणच पिकवतो असे वाटावे. मला मात्र हवा किती गार आहे यापेक्षा ती किती कोरडी आहे, याचेच कुतूहल अधिक.

या खोडीचे मूळ बहुधा आजीच्या टाचांत असावे. पंचवटीतल्या वाड्यात थंडीच्या रात्री ती कोकमतेलाचा पांढुरका गोळा चिमणीच्या ज्योतीजवळ धरी आणि वितळलेला थेंब नेमका भेगेत सोडी. थेंब पडला की तिचा श्वास क्षणभर अडे. मग जुन्या लुगड्याची पट्टी बांधून ती पाय पसरून बसे. गंमत अशी, की तोच गोळा मे महिन्यातही डब्यातून बाहेर निघे. तेव्हा तो आपसूकच मऊ झालेला असे, एवढाच काय तो फरक. टाचेच्या लेखी हिवाळा आणि उन्हाळा एकच होते.

पृथ्वीच्या लेखीही ध्रुवप्रदेश आणि वाळवंट यांत फारसे अंतर नसावे. विषुववृत्ताजवळ वर चढलेली हवा पाऊस पाडून रिकामी होते, तीस अक्षांशांच्या आसपास खाली उतरते आणि सहारासारखी वाळवंटे घडवते. ध्रुवांवर गारठलेली जड हवाही तशीच खाली बसते. उतरत्या हवेत ढग धरत नाहीत. त्यातून थंड हवेची झोळीच लहान! ३० अंश तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प बाळगू शकते, तर उणे २० अंशांना ही क्षमता जेमतेम १ ग्रॅमवर येते. म्हणून तर जगातले सर्वांत मोठे वाळवंट सहारा नसून अंटार्क्टिका आहे.

खरा फरक पडतो तो पाणी जमिनीवर आल्यानंतर. अलास्काच्या उत्तर टोकावरील उत्कियाग्विक येथे पाऊस आणि वितळवून मोजलेले बर्फ मिळून वर्षाला १५० मिलिमीटरही होत नाही. जैसलमेरला त्याहून जास्त, २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. असे असूनही उन्हाळ्यात उत्कियाग्विकभोवती तळी आणि दलदल पसरलेली असते, टुंड्रात डासांचे थवे हरणांना सळो की पळो करून सोडतात, आणि जैसलमेरला मात्र पडलेला थेंब अन् थेंब जपावा लागतो, कारण तिथली हवा वर्षभरात पडते त्याच्या कितीतरी पट पाणी पिऊन टाकू शकते. उत्तरेकडचे ऊन तिरपे आणि दुबळे असल्यामुळे बाष्पीभवन थोडेच होते. शिवाय मातीच्या वरच्या थराखाली जमीन बारमाही गोठलेली असते आणि पाणी मुरूच देत नाही.

हे आपल्या येवल्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळत असताना त्याच जिल्ह्यात त्याच्या वाट्याला पाचशेच्या आसपासच येतो, आणि तेवढ्यावर कांदा तगवायचा म्हणून तो शेततळ्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरतो. उत्तरेतल्या तळ्यांखाली तो कागद बर्फाचा आहे.

२० जून २०२० रोजी सैबेरियातील वर्खोयान्स्क येथे ३८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ज्या गावी हिवाळ्यात पारा उणे ६७ च्याही खाली गेलेला आहे, तिथला हा आकडा ठळक अक्षरांत छापण्याजोगाच होता. मला मात्र त्याखालच्या जमिनीची काळजी वाटत राहिली. गोठलेली माती वितळली की तळ्याचे पाणी खाली निघून जाते, आणि सैबेरियातील काही तळी अशी रिकामी झालीही आहेत. येवल्यात कागद फाटला तर उन्हाळ्यात तळे उपसून, कर्ज काढून का होईना, नवा अंथरता येतो.